‘कळवले होते’ आणि ‘झाले’ यांच्या मधले काम

एखादे काम फसल्यानंतर जी बैठक होते, तिच्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘‘मी कळवले होते.’’ हे वाक्य बहुतेक वेळा खरेही असते. ई-मेल गेलेला असतो, त्याची तारीख दाखवता येते, प्रत कोणाकोणाला होती तेही दाखवता येते. तरीही ज्याबद्दल कळवले होते ते घडून गेलेले असते, आणि कळवणाऱ्याला दोष द्यावा की शाबासकी, हे खोलीतल्या कोणालाही उमगत नाही. वेगवेगळ्या विभागांची कामे एकमेकांशी जुळवून घेणे हाच माझ्या नोकरीचा मुख्य भाग असल्यामुळे अशा बैठकांना मी बऱ्याचदा बसले आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. पुढाकार, संवाद आणि चिकाटी हे तीन स्वतंत्र गुण म्हणून आपल्याला शिकवले जातात, प्रत्येकाचे वेगळे प्रशिक्षण होते, वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात प्रत्येकाला वेगळा रकाना असतो. प्रत्यक्ष कामात मात्र ते एकाच कृतीचे टप्पे असतात. काहीतरी खटकले, ते ज्याच्या हातात आहे त्याच्या कानावर नीट घातले, आणि त्याचे काय झाले हे कळेपर्यंत ते सोडून दिले नाही, एवढी ती कृती. यातला एक टप्पा गळाला, की उरलेल्या टप्प्यांचा उपयोग नंतरच्या बैठकीत स्वतःचा बचाव करण्यापुरताच उरतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला अंतराळ मोहिमेत सापडले. अमेरिकेच्या ‘नासा’ने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे पाठवलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरताना नष्ट झाले. कारण दोन ओळींत सांगण्यासारखे आहे. यानाचे छोटे थ्रस्टर (दिशा सांभाळणारी इंजिने) चालल्यावर त्याला किती धक्का बसतो, याचे आकडे जमिनीवरची एक संगणक प्रणाली पौंड-सेकंदांत देत होती आणि ते आकडे वापरणारे लोक ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरून चालले होते. या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. यान मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे होते. नंतरच्या हिशेबानुसार ते सुमारे ५७ किलोमीटरवरून गेले, आणि ८० किलोमीटरच्या खाली त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. एककांच्या गोंधळाची ही गोष्ट अभियांत्रिकीच्या वर्गांत विनोदासारखी सांगितली जाते. मला मात्र चौकशी मंडळाच्या अहवालातली दुसरी एक बाब जास्त महत्त्वाची वाटते. यानाच्या मार्गाकडे लक्ष ठेवणाऱ्या चमूला आकडे जुळत नसल्याचे यान वाटेत असतानाच जाणवले होते. त्याविषयी ई-मेल गेले, बोलणेही झाले. परंतु अशा विसंगतीसाठी जी औपचारिक नोंद करण्याची पद्धत ठरलेली होती, म्हणजे जिचे उत्तर कोणीतरी दिल्याशिवाय ती बंद होत नाही, त्या वाटेने ही शंका गेली नाही. नजर तीक्ष्ण होती, कळवणेही झाले होते. त्या शंकेचे उत्तर देण्याची जबाबदारी तेवढी कोणाच्या नावावर चढलेली नव्हती.

औपचारिक नोंद करायला माणसे का कचरतात, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्याला सांगावे लागत नाही. नोंद केली की आपण कोणाची तरी तक्रार केली असे दिसते. शंका खोटी ठरली तर हसे होईल ही भीती असते. शिवाय ई-मेल लिहिल्यावर मनावरचे ओझे उतरते, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे, कारण ओझे आपल्या मनावरून उतरले म्हणजे ते दुसऱ्या कोणी उचलले असे होत नाही.

संदेश कसा लिहिला जातो यावर बरेच काही अवलंबून असते, म्हणून एक नमुना जवळून पाहू. माझ्या चमूतल्या एका कनिष्ठ सहकारिणीने पाठवण्यापूर्वी मला दाखवलेला हा मसुदा आहे : ‘‘नमस्कार. गेल्या काही दिवसांपासून दोन्ही अहवालांतील आकड्यांत थोडीफार तफावत दिसत आहे. कदाचित नोंदी वेगवेगळ्या वेळी होत असल्यामुळे असेल. सवडीने एकदा पाहावे, ही विनंती.’’

भाषा सभ्य आहे, व्याकरणात खोट नाही, आणि तरीही हा संदेश वाचून कोणीही काहीही करणार नाही. ‘थोडीफार’ या शब्दाने विषय किरकोळ ठरवला. ‘कदाचित’पासून सुरू होणाऱ्या वाक्याने वाचणाऱ्याला तयार स्पष्टीकरणच देऊन टाकले, आता त्याने ‘हो, तसेच असेल’ म्हटले की प्रकरण संपले. ‘सवडीने’ हा तर आज न पाहण्याचा लेखी परवाना झाला. आणि पाहायचे कोणी, हे सांगितलेलेच नाही, कारण हा ई-मेल एकाच वेळी बऱ्याच जणांना जाणार होता आणि त्यांपैकी प्रत्येकाला तो दुसऱ्यासाठी आहे असे मानायची मुभा होती. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार आपण नम्रतेच्या नावाखाली सर्रास करत असतो.

तिने तो मसुदा नव्याने लिहिला. एकाच व्यक्तीला उद्देशून, आणि असा : ‘‘सोमवारपासून भांडार आणि लेखा या दोन विभागांच्या अहवालांत शिल्लक साठ्याचा आकडा जुळत नाही. नोंदींच्या वेळेमुळे फरक पडत असता तर तो दुसऱ्या दिवशी भरून निघाला असता. इथे तो रोज वाढतो आहे. महिनाअखेरचा हिशेब शुक्रवारी बंद होणार आहे आणि तो याच आकड्यावर अवलंबून आहे. साठ्याची मूळ नोंद कोणत्या टप्प्यावर बदलते हे फक्त तुमच्या विभागाला पाहता येते. बुधवारी दुपारपर्यंत ते तपासून सांगू शकाल का? तोपर्यंत दोन्ही आकड्यांचा रोजचा तक्ता मी तुम्हाला पाठवत राहते.’’

यात एकही शब्द उद्धट नाही. वाचणाऱ्याला कोड्यात मात्र टाकलेले नाही : काय बिघडले, कधीपासून, ते आपोआप का सुटणार नाही, थांबलो तर कशाला धक्का लागेल, हे काम त्याच्याकडेच का आले आणि कधीपर्यंत हवे, हे सगळे त्याच्या समोर आहे. शेवटचे वाक्य मला विशेष आवडले, कारण त्यात मागणाऱ्याने स्वतःच्या वाट्याचे काम उचललेले आहे. ज्याच्याकडून काही हवे असते त्याच्यापुढे नुसता प्रश्न टाकण्यापेक्षा प्रश्नाबरोबर आपली अर्धी मेहनतही ठेवली, तर नकार देणे त्याला जड जाते. यात डावपेच असला तरी तो प्रामाणिक डावपेच आहे.

आता पुढाकाराकडे येते. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न उंदरांइतकाच विभागप्रमुखांच्या बैठकांनाही छळतो. अमुक करायला हवे यावर सगळ्यांचे एकमत असते, ‘करायला हवे’ या क्रियापदाला कर्ता मात्र नसतो. अशा वेळी पुढाकार घेणे म्हणजे काहीतरी धाडसी करणे, अशी समजूत करून घेतल्यामुळे बहुतेक जण मागे राहतात आणि जे थोडे पुढे येतात ते भलतेच काहीतरी अंगावर घेतात. मागितलेले नसताना दुसऱ्या विभागाची कार्यपद्धती सुधारून देणारे, कोणी न विचारलेल्या प्रश्नावर लांबलचक सादरीकरण तयार करणारे उत्साही लोक प्रत्येक ठिकाणी असतात. हे लष्कराच्या भाकरी भाजणे झाले. त्यातून त्यांचे स्वतःचे काम मागे पडते आणि ज्यांच्यासाठी धडपड केली ते लोक उलट नाराज होतात.

मी पाहिलेला उपयोगी पुढाकार बहुतेक वेळा दिसायला अगदीच किरकोळ होता. बैठक संपता संपता ‘‘म्हणजे हे कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढे ठरवूनच उठू या का?’’ असे विचारणे, हा त्याचा एक प्रकार. कोणी सांगितलेले नसताना बैठकीचे इतिवृत्त त्याच संध्याकाळी लिहून पाठवणे, हा दुसरा. इतिवृत्त लिहिणे हे कारकुनी काम मानले जाते आणि ते टाळण्याकडे हुशार माणसांचा कल असतो. पण काय ठरले याची पहिली लेखी आवृत्ती ज्याच्या हातून बाहेर पडते, पुढची सगळी चर्चा त्याच्या मांडणीवर होते. कच्च्या मसुद्याचेही तसेच आहे. नवीन कार्यपद्धतीचे टिपण लिहायला कोणालाही वेळ नसतो, मात्र दुसऱ्याने लिहिलेल्या टिपणातल्या चुका दाखवायला प्रत्येकाला वेळ असतो. म्हणून जे काम कोऱ्या कागदापाशी अडले आहे, तिथे चार बऱ्यावाईट परिच्छेदांचा मसुदा फिरवला की काम सुटते. त्या मसुद्यातला एकही परिच्छेद शेवटी टिकला नाही तरी चालते. ज्यांना आपले लिखाण टिकायला हवे असते त्यांना हे जमत नाही.

अधिकाराची सीमा कुठे येते, हा प्रश्न नव्याने नोकरीला लागलेले नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे असते की निर्णय मागे घेता येण्यासारखा आहे का, आणि त्याचा परिणाम कोणावर होतो, हे दोन प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. परिणाम आपल्यापुरता असेल आणि पाऊल मागे घेता येत असेल तर करून टाकावे व नंतर सांगावे. परिणाम इतरांवर होणार असेल, पण मागे फिरणे शक्य असेल, तर ‘गुरुवारपर्यंत हरकत आली नाही तर मी सुरुवात करते’ असे कळवून थांबावे. मागे फिरता येत नसेल तर मौनाला होकार समजण्याची चूक कदापि करू नये, आणि स्पष्ट शब्दांत परवानगी मिळेपर्यंत हात लावू नये. व्यवहारात अडचण अशी की ‘हरकत आली नाही तर’ ही सोयीची पद्धत एकदा हाती लागली की माणसे ती नको तिथेही वापरू लागतात. याचे एक मोठे उदाहरण पुढे येणारच आहे.

त्याआधी चिकाटीबद्दल. चिकाटी म्हटले की वर्षानुवर्षे एका ध्येयामागे लागलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. रोजच्या कामात लागणारी चिकाटी कधीकधी काही सेकंदांची असते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. केएलएम कंपनीचे विमान धावपट्टीच्या टोकाला उड्डाणासाठी उभे होते, आणि पॅन ॲम कंपनीचे विमान त्याच धावपट्टीवरून पुढे सरकत होते. केएलएमच्या कप्तानाने इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली तेव्हा सहवैमानिकाने अजून परवानगी मिळाली नसल्याचे लक्षात आणून दिले आणि कप्तान थांबला. थोड्या वेळाने उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी आली. ती उड्डाणाची परवानगी नव्हती. ती सहवैमानिक रेडिओवर पुन्हा म्हणून दाखवत असतानाच कप्तानाने विमान सोडले, आणि या वेळी सहवैमानिकाने त्याला दुसऱ्यांदा अडवले नाही. विमान वेग घेत असताना रेडिओवरचे बोलणे ऐकून फ्लाइट इंजिनिअरने विचारले की ते पॅन ॲमचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का. कप्तानाने ठासून सांगितले की झाले आहे. प्रश्न तिथेच संपला. काही सेकंदांत धडक झाली.

कप्तान कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होता आणि इतरांना ७४७ विमानाचे प्रशिक्षण देणारा होता. अशा माणसाला एकदा टोकल्यावर पुन्हा टोकायचे, हे सहवैमानिकाला किती अवघड गेले असेल ते समजण्यासाठी विमानात बसण्याची गरज नाही. ज्याने वरिष्ठांचे आकडे भर बैठकीत चुकीचे असल्याचे पाहिले आहे त्याला ते ठाऊक आहे. पहिल्यांदा बोलताना आपण माहिती देत असतो, दुसऱ्यांदा बोलताना मात्र समोरच्याचे उत्तर आपल्याला पटलेले नाही हे जाहीर करत असतो. म्हणून दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा कितीतरी जड असते. शिवाय पहिले वाक्य प्रश्नाच्या रूपात असले तर त्याला उत्तर मिळून जाते, आणि मग विचारणाऱ्याला काही करण्यासारखे उरत नाही. ‘ते विमान गेले ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर पुरते. ‘मला ते गेल्याचे ऐकू आलेले नाही, थांबा’ या विधानाला ते पुरत नाही.

विमान वाहतूक क्षेत्राने या आणि अशा अपघातांनंतर दोन्ही बाजूंनी दुरुस्ती केली. ‘टेकऑफ’ हा शब्द रेडिओवर प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा कडक संकेत रूढ झाला. दुसरीकडे, १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेपासून ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ नावाचे प्रशिक्षण आकाराला आले आणि त्यात कनिष्ठांना आपले म्हणणे कसे लावून धरायचे हे शिकवले जाऊ लागले. त्यातली एक रीत अशी की आधी समोरच्याला नावाने किंवा हुद्द्याने हाक मारायची, आपल्याला काय खटकते ते सांगायचे, काय दिसते आहे ते सांगायचे, काय करावे ते सुचवायचे, आणि शेवटी ‘तुम्हाला हे मान्य आहे का?’ असे विचारून उत्तर घ्यायचे. हे शेवटचे विचारणे मला फार मोलाचे वाटते. ज्याला उत्तर द्यावेच लागते त्याला ऐकून सोडून देता येत नाही. जमिनीवरच्या कचेरीत आपल्याकडे सेकंद नाही, दिवस असतात. तरीही आपण तो प्रश्न विचारत नाही, हे नवल आहे.

दिवसांची आणि महिन्यांची चिकाटी कशी दिसते, हे पाहायचे असेल तर फ्रान्सिस केल्सी यांचे काम पाहावे. ऑगस्ट १९६० मध्ये त्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि पुढच्याच महिन्यात थॅलिडोमाइड या औषधाच्या परवानगीचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी ते इतर बऱ्याच देशांत आधीच विकले जात होते, त्यामुळे अर्ज सोपा समजला गेला होता. तेव्हाचा कायदा असा होता की प्रशासनाने साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर औषधाला वाट मोकळी होई. म्हणजे गप्प बसणे हाच होकार होता. केल्सी यांनी मुदत संपण्यापूर्वी अर्ज अपुरा असल्याचे कळवले. कंपनीने आणखी माहिती दिली, नवे साठ दिवस सुरू झाले, त्यांनी पुन्हा अपुरे असल्याचे कळवले. कंपनीकडून दूरध्वनी येत होते, प्रतिनिधी भेटत होते, त्यांच्या वरिष्ठांकडे तक्रारीही जात होत्या.

या प्रकरणात माझे लक्ष वेधून घेतले ते त्यांच्या पत्रांनी. त्या दर वेळी केवळ ‘नाही’ म्हणत राहिल्या नाहीत. आधी त्यांनी औषध सुरक्षित असल्याच्या पुराव्यातल्या उणिवा दाखवल्या. मग ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचे पत्र त्यांच्या वाचनात आले. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांच्या नसांवर परिणाम होत असल्याचे त्यात म्हटले होते. त्यावर त्यांनी कंपनीला विचारणा केली. जे औषध नसांना इजा करते ते गर्भात वाढणाऱ्या बाळाला काय करील, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी १९६१ च्या मे महिन्यात लेखी विचारला. मागणी तीच, पण प्रत्येक पत्रात ती आधीपेक्षा नेमकी होत गेली. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीतून बाळांच्या जन्मजात व्यंगांचे वृत्तान्त उघड झाले, मार्च १९६२ मध्ये अमेरिकेतला अर्ज मागे घेण्यात आला, आणि त्याच वर्षी औषधांच्या परवानगीचा कायदा कडक झाला. औषध जिथे सर्रास विकले गेले तिथे हजारो बाळे हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली.

स्मरणपत्र लिहिताना मी ही पत्रे आठवते. ‘वरील विषयाबाबत पुनःश्च स्मरण’ असे लिहून जुनाच ई-मेल पुढे ढकलणे, याला पाठपुरावा म्हणण्याची प्रथा आहे. त्याने समोरच्याला एवढेच कळते की आपण अजून वाट पाहत आहोत, आणि ते त्याला आधीच माहीत होते. स्मरणपत्रात काहीतरी नवीन असावे : मधल्या काळात फरक किती वाढला, कोणते पर्याय आपण तपासून बाद केले, मुदतीला किती दिवस उरले, किंवा आधीचा प्रश्न मोठा वाटत असेल तर त्यातला आज उत्तर देता येईल असा छोटा तुकडा. सांगण्यासारखे नवीन काहीच नसेल तर लिहिण्याऐवजी त्या माणसापाशी जाऊन बसावे किंवा दूरध्वनी करावा. पुष्कळदा असे कळते की तो आपल्याला टाळत नव्हता, त्याला आणखी कोणाकडून तरी उत्तर हवे होते आणि तिथे त्याचाही ई-मेल अडकला होता. मग दोघांनी मिळून तिसऱ्याकडे जायचे. वरिष्ठांकडे जायची वेळ आली तर ते लपूनछपून करू नये. ‘उद्यापर्यंत मार्ग निघाला नाही तर आपण दोघांनी मिळून साहेबांना विचारू’ असे आधी सांगितले की संबंध बिघडत नाहीत, आणि कित्येकदा साहेबांपर्यंत जावेही लागत नाही.

चिकाटी आहे पण सांगण्याची रीत नाही, अशीही माणसे असतात, आणि त्यांची मला फार हळहळ वाटते. डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती विभागात क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या घरात गेलेले मातांच्या मृत्यूचे प्रमाण उन्हाळ्यात २ टक्क्यांच्या आसपास आले. एवढे आकडे हाती असताना त्यांनी स्वतःचे सविस्तर पुस्तक प्रसिद्ध करायला १८६१ साल उजाडले. मधल्या काळात त्यांची बाजू बरीचशी त्यांच्या मित्रांनी मांडली. पुस्तकानंतरही विरोध मावळला नाही तेव्हा त्यांनी नामवंत प्रसूतितज्ज्ञांना खुली पत्रे लिहून त्यांच्यावर हत्येचे आरोप केले. १८६५ मध्ये ते वारले तेव्हाही त्यांचे म्हणणे सर्वमान्य झालेले नव्हते. विरोधकांचा दुराग्रह मोठा होता, हे खरेच. पण ज्यांच्या हातून बदल घडवायचा आहे त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले की ते आधी स्वतःचा बचाव करतात आणि मग, वेळ उरला तर, आकडे पाहतात.

इथवर सगळा भार बोलणाऱ्यावर टाकला, तो थोडा ऐकणाऱ्यांवरही टाकायला हवा. टोयोटाच्या कारखान्यांत जुळणीच्या रांगेवर ओढायची दोरी (आता काही ठिकाणी तिच्याऐवजी बटण) असते; काही बिघडलेले दिसले की कोणताही कामगार ती ओढू शकतो. दोरी ओढताक्षणी सगळे काम बंद पडते असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात आधी दिवा लागतो आणि गटप्रमुख तिथे धावत येतो. गाडी पुढच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचण्याआधी अडचण सुटली तर रांग थांबतच नाही. म्हणजे शंका घेणे स्वस्त करून ठेवले आहे. शस्त्रक्रियागृहांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एकोणीस मुद्द्यांची जी तपासणी यादी आणली, तिच्यात पहिला छेद घेण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. औपचारिकता वाटावी अशी ही गोष्ट आहे, पण तिच्यामागचा विचार व्यवहारी आहे : ज्याने खोलीत एकदा तोंड उघडले आहे, तो पुढे काही चुकताना दिसले तर पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळे श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही. पण माझ्या बैठकांत मी सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला सर्वांत आधी बोलायला सांगते ते यामुळेच, कारण ज्येष्ठांचे मत एकदा पडले की नंतर येणाऱ्या मतांना त्याच्याच आसपास घोटाळत राहावे लागते.

शेवटी, लावून धरलेली गोष्ट सोडायची केव्हा, हेही ठरवावे लागते. नकार मिळणे आणि उत्तर न मिळणे या वेगळ्या अवस्था आहेत, आणि दुसरीत माणसे उगीच वर्षभर कुढत राहतात. आकड्यांची तफावत शोधणारी माझी ती सहकारी प्रलंबित विषयांची एक नोंदवही ठेवते : विषय, कोणाकडे आहे, पुढची तारीख, आणि शेवटी ‘बंद करण्याचे कारण’. हा शेवटचा रकाना रिकामा असेपर्यंत विषय तिच्या यादीतून हलत नाही. दोन्ही विभागांनी साठ्याची नोंद एकाच प्रणालीत करावी, असा प्रस्ताव तिने त्या प्रकरणानंतर मांडला आणि तो नाकारला गेला. तिने वाद घातला नाही. ‘कोणती माहिती मिळाली तर हा निर्णय बदलू शकेल?’ एवढे विचारले. जुळवणीवर दर महिन्याला माणसांचा किती वेळ जातो याचा हिशेब हवा, असे उत्तर आले. तिने ते उत्तर त्या रकान्यात लिहिले, पुढच्या अंदाजपत्रकाचा महिना समोर टाकला, विषय बंद केला आणि दर महिनाअखेरीस वेळेची नोंद ठेवू लागली. अंदाजपत्रकाची बैठक ठरली तेव्हा तिने जुना प्रस्ताव बाहेर काढला, त्याखाली तो हिशेब जोडला आणि विषयपत्रिकेत घालण्यासाठी पाठवला. या खेपेस प्रणाली हवी की नको यावर कोणी बोललेच नाही; सगळा वेळ ती कोणत्या तिमाहीत आणायची, हे ठरवण्यात गेला.